किमोनंतर पोटात गाठ उरलीय, रोबोटिक करू की ओपन? (भाऊ, वय २६)

मिरजेची_ताई

नमस्कार. विषय असा आहे की बाईमाणसाने लिहावं का नाही यातच दोन दिवस गेले, पण वडिलांना बीपी, आई विषय काढला की रडायला बसते आणि भाऊ तर तोंडातून शब्द काढत नाही, म्हणून मीच लिहितेय. सांभाळून घ्या.

भाऊ कुपवाड एमआयडीसीत सीएनसीवर कामाला. डाव्या अंडकोषात गाठ होती, पाच महिने कुणाला बोलला नाही. बाईकवर बसताना दुखायला लागलं तेव्हा आईला सांगितलं जांघेत लचक भरलीय, आईने आठवडाभर शेकवलं. मग सोनोग्राफी झाली आणि तिसऱ्या दिवशी ऑपरेशन, जांघेतून चीर देऊन अंडकोष काढला. रिपोर्ट नॉन-सेमिनोमा (अंडकोषाच्या कॅन्सरचा एक प्रकार), मिक्स टाईप, त्यात टेराटोमा ३०% लिहिलंय. एएफपी (रक्तातला कॅन्सरचा मार्कर) ६४० होतं. सीटीत पोटात मागच्या बाजूला महाधमनीच्या डाव्या अंगाला ४.४ सेंमीची गाठ, बाकी छाती वगैरे क्लिअर. बीईपी किमोच्या ३ सायकल झाल्या. केस गेले, ९ किलो वजन उतरलं, कानात अजून शिट्टी वाजते म्हणतो. आता एएफपी ३, बाकीचे दोन्ही मार्कर नॉर्मल. आम्ही पेढे वाटायच्याच बेतात होतो तर नव्या सीटीत गाठ २.१ सेंमी शिल्लक आहे आणि डॉक्टर म्हणतात आरपीएलएनडी, म्हणजे पोटाच्या मागच्या भागातल्या लिम्फच्या गाठी काढायचं ऑपरेशन, करावं लागेल.

मला कळत नाहीये की मार्कर नॉर्मल आले, किमो लागू पडली, मग परत पोट कशाला फाडायचं? पुण्यात एका सरांना दाखवलं, ते म्हणाले रोबोटिकने करू, पाच-सहा भोकं, तीन दिवसांत घरी, साडेपाच लाख. दुसरे सर म्हणाले ह्याला ओपनच बरं, छातीच्या हाडाखालून बेंबीच्या खालपर्यंत चीर. हे ऐकून आईने जेवण सोडलंय. आमच्या पॉलिसीत रोबोटिकला १ लाखाची मर्यादा आहे, तो वेगळाच घोळ.

आणि एक. उठताना ते दुसरे सर म्हणाले, "वीर्य बाहेर येण्यावर परिणाम होऊ शकतो, बघून घ्या." वडील खाली बघत होते, भाऊ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे, मी पण काही विचारलं नाही. लिफ्टमध्ये आल्यावर डोक्यात प्रकाश पडला की ह्याचं लग्न व्हायचंय. आणि किमोच्या आधी स्पर्म साठवून ठेवायचं असतं हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं, ते मी परवा वाचलं. म्हणजे ठेवलेलं नाही.

कुणी यातून गेलं असेल तर प्लीज लिहा.

गिरणगावकर

ताई, पहिलं म्हणजे घाबरू नका आणि लिहिल्याबद्दल लाजू तर अजिबात नका. मी २०१७ ला यातूनच गेलोय, उजवी बाजू, ३ बीईपी, नंतर ओपन आरपीएलएनडी, परळला टाटामध्ये. तेव्हा वय २९, आता ट्रेन पकडायला धावतो, भंडाऱ्यात वाढपी म्हणून उभा राहतो, सगळं करतो.

मार्कर नॉर्मल मग ऑपरेशन कशाला हा प्रश्न मी पण विचारलेला आणि तेव्हा डॉक्टर बोलले ते अजून लक्षात आहे. किमोने जो कॅन्सर मरतो तो मेला. पण टेराटोमा नावाचा जो भाग असतो त्याला किमो लागूच पडत नाही. आणि तो बऱ्याचदा मार्करही सोडत नाही, त्यामुळे रक्तात काही दिसत नाही, गाठ मात्र तिथेच बसलेली. आज गरीब आहे, पण तो हळूहळू वाढून बाजूच्या नसा, किडनीची नळी दाबू शकतो, आणि वर्षांनंतर त्यातूनच भलत्या जातीचा कॅन्सर उठू शकतो ज्याच्यावर मग काहीच धड चालत नाही. ती उरलेली गाठ मेलेला चिकट गोळा आहे का टेराटोमा आहे का त्यात जिवंत कॅन्सर आहे हे सीटीवरून कळत नाही, पेट स्कॅनवरून पण नाही, काढून मायक्रोस्कोपखाली बघितल्याशिवाय नाही. माझ्यात टेराटोमाच निघाला. म्हणजे काढला नसता तर आज तो माझ्यासोबत भंडाऱ्यात असता.

चिरेचं खरं सांगतो. पोटावर चेन लावल्यासारखे स्टेपल, मी मोजले, ३४. पहिले तीन दिवस वाईट. खोकला आला की उशी पोटाशी आवळून धरायची, ही आयडिया बाजूच्या बेडवरच्या काकांनी दिली, सिस्टर नंतर बोलली. ते तीन रंगीत बॉलवाल्या डब्यातून श्वास आत ओढायचं काम दर तासाला करायचं, कंटाळा करायचा नाही. गॅस पास झाला तेव्हा आमच्या आईने वॉर्डातच हात जोडले. सातव्या दिवशी घरी. महिनाभर पोटाचा पट्टा, दोन-अडीच महिने वजन उचलायचं नाही. तीन महिन्यांत कामावर. व्रण आहे, गणपतीत पोरं पाण्यात उतरली की विचारतात, मी सांगतो वाघाने पंजा मारला.

राहायचं बघत असाल तर दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, तिथे पेशंटची चिठ्ठी लागते, आधी चौकशी करा.

निसर्गमित्र७७

ताई ऑपरेशनची घाई करू नका. माझ्या मेहुण्यांच्या ओळखीत गुळवेल आणि गोमूत्र अर्काने अशाच गाठी विरघळल्यात. ३ महिने देऊन बघा मग ठरवा. नंबर हवा असेल तर मेसेज करा.

गिरणगावकर

निसर्गमित्र, तीन महिने देऊन गाठ वाढली तर ऑपरेशनचा फॉर्म तुम्ही भरणार का? आत्ताच किमोने लिव्हर-किडनी घासून निघालेल्या पोराला अर्क नका पाजू. ताई, इकडे लक्ष देऊ नका.

युरोवाला_डॉक्टर

मी युरॉलॉजीत एमसीएच करतोय, शेवटचं वर्ष. रिपोर्ट न बघता सल्ला देता येत नाही हे धरून चाला, पण समजून घेण्यापुरतं लिहितो, जरा लांबेल.

अंडकोषाचा कॅन्सर पोटात मागे का जातो, तर पोर आईच्या पोटात असताना अंडकोष किडनीच्या शेजारीच तयार होतात आणि जन्माच्या आधी खाली सरकतात. खाली येताना आपली रक्ताची आणि लिम्फची पाइपलाइन वरूनच ओढत आणतात. म्हणून गाठ खालची, पण ड्रेनेज सरळ वर, महाधमनी आणि महाशीर यांच्या आजूबाजूला. डाव्याचं मुख्यतः महाधमनीच्या डावीकडे, उजव्याचं दोन्हींच्या मधे. त्या अख्ख्या पट्ट्यातल्या लिम्फ नोड, चरबीसकट, ठरलेल्या सीमेत काढणं म्हणजे आरपीएलएनडी. त्या सीमेला टेम्प्लेट म्हणतात. नुसती दिसणारी २.१ ची गाठ उचलणं म्हणजे आरपीएलएनडी नाही, हे पक्कं लक्षात ठेवा, कारण बाजूच्या छोट्या नोडमध्येही टेराटोमा असू शकतो. नॉन-सेमिनोमात किमोनंतर १ सेंमीपेक्षा मोठं काही उरलं तर काढा असाच नियम आहे. ढोबळ हिशोब, किमोनंतर काढलेल्या दहापैकी चार-पाच जणांत नुसता मेलेला टिश्यू, साधारण चार जणांत टेराटोमा, एखाद्यात जिवंत कॅन्सर. मूळ गाठीतच टेराटोमा होता तर पोटातही असण्याची शक्यता जास्त.

आता रोबोट. दुर्बिणीने हे ऑपरेशन पहिल्यांदा १९९२ मध्ये छापून आलं, रोबोटने २००६ मध्ये. म्हणजे तंत्र नवीन राहिलेलं नाही. फायदे खरे आहेत, रक्त कमी जातं, दुखणं कमी, एक ते तीन दिवसांत घरी. पण सुरुवातीच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये एक गंमत होती, नोडमध्ये कॅन्सर सापडला की जवळपास सगळ्यांना नंतर किमो दिली जायची. त्यामुळे रिझल्ट छान दिसले, पण ते ऑपरेशनचं यश की किमोचं हे कळायला मार्ग नाही. ओपनचं तसं नाही, तिथे नुसत्या ऑपरेशनवर बरे झालेल्यांचा कित्येक वर्षांचा हिशोब आहे. दुसरं, रोबोटिकनंतर पोटाच्या पडद्यावर किंवा अशा भलत्या जागी कॅन्सर परत आल्याच्या मोजक्या केसेस अमेरिकेतल्या मोठ्या सेंटरने छापल्या आहेत, जिथे ओपननंतर सहसा येत नाही. मोजक्याच, पण दुर्लक्ष करण्यासारख्या नाहीत.

आणि किमोच्या आधीचं आरपीएलएनडी आणि किमोनंतरचं यात जमीन-अस्मानाचा फरक. किमोनंतर गाठ आजूबाजूला चिकटते. मी असिस्ट केलेल्या एका केसमध्ये ती महाधमनीच्या भिंतीवर वाळलेल्या फेविकॉलसारखी बसली होती, सर मिलिमीटर मिलिमीटरने सोडवत होते, साडेपाच तास. पद्धत अशी की धमनीच्या वरून टिश्यूला उभी चीर द्यायची आणि दोन्ही बाजूंना गुंडाळत न्यायचं, मागच्या कण्याकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या एक एक बांधून तोडायच्या, म्हणजे धमनीच्या मागचं पण निघतं. इथे हात घसरला तर सेकंदात रक्त. रोबोटवर असताना असं झालं तर पोट उघडायला किती वेळ लागतो हा खरा प्रश्न.

तरीही सांगतो, तुमच्या भावाची केस निवडून रोबोटिक करण्यासारखी आहे. गाठ लहान, एकाच बाजूला, जिथे असायला हवी तिथेच. म्हणून पुण्याचे सर काही चुकीचं बोलत नाहीयेत. सरांनी अशा किमोनंतरच्या केसेस किती केल्या आहेत त्यावर सगळं आहे. प्रोस्टेट किती केले ते विचारू नका, हेच किती केले ते विचारा. टेम्प्लेट कुठून कुठपर्यंत, रक्तवाहिन्यांच्या मागचं काढणार का, कितीदा रोबोट सोडून ओपन करावं लागलं, रक्तवाहिन्यांचा सर्जन हाताशी असतो का, हे सगळं विचारा. चांगला सर्जन या प्रश्नांनी चिडत नाही.

वीर्याचं. महाधमनीच्या दोन्ही बाजूंनी सुतासारख्या बारीक सिम्पथेटिक नसा खाली उतरतात आणि पुढे एकत्र येतात. त्या तुटल्या की वीर्य बाहेर न येता मूत्राशयात तरी जातं किंवा येतच नाही. ताठरता, इच्छा, सुख हे सगळं शाबूत असतं, फक्त कोरडं. जुन्या काळात दोन्ही बाजू सरसकट साफ करायचे तेव्हा हे बहुतेकांना व्हायचं. आता एका बाजूचं टेम्प्लेट केलं तर उजवीकडच्या नसांना हात लागत नाही आणि बहुतेकांचं व्यवस्थित राहतं. शिवाय डावीकडच्या नसाही आधी शोधून, रबरी लूप लावून बाजूला धरता येतात. त्याला नर्व्ह स्पेअरिंग म्हणतात, हा शब्द सर्जनपुढे तुम्ही स्वतः काढा.

अजून एक, भावाला बीईपी किमोत ब्लिओमायसिन मिळालंय हे भूलतज्ज्ञाला स्वतःहून सांगा, फाइल दाखवा. त्या औषधाने फुप्फुसं नाजूक होतात, ऑपरेशनमध्ये ऑक्सिजन आणि सलाईन मोजून द्यावं लागतं.

कोरमंगला_कोल्हापुरी

मी रोबोटिकवाला. बंगळुरूला आयटीत, वय ३४. गेल्या वर्षी झालं. पण ताई आधीच सांगतो माझं तुमच्याशी जुळवू नका कारण माझा सेमिनोमा, म्हणजे या कॅन्सरचा दुसरा प्रकार, होता आणि किमो अजिबात झालेली नव्हती. पोटात १.८ सेंमीचा एकच नोड. माझे सर म्हणाले की पूर्वी याला थेट किमो नाहीतर रेडिएशन द्यायचे, पण आता छोट्या सेमिनोमात आधी ऑपरेशन हा पण पर्याय आहे. अमेरिकेत सेम्स नावाची ट्रायल झाली, ५५ पेशंट, २०२३ ला छापली, दोन वर्षांत ८१% जणांना परत काही झालं नाही आणि ज्यांना झालं ते पण वाचले, सगळेच्या सगळे जिवंत. मला कान आणि बोटांच्या मुंग्या नको होत्या (हौशी तबला वाजवतो), म्हणून मी ऑपरेशन घेतलं.

पोटावर सहा भोकं, बोटाच्या पेरापेक्षा लहान. दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात चालत होतो, तिसऱ्या दिवशी घरी. खांद्यात मात्र जबर दुखलं, पोटात भरलेल्या गॅसमुळे खांदा दुखतो म्हणे, मला वाटलं हार्टचं काहीतरी.

आता जे कुणी सांगत नाही ते. घरी येऊन पाचवा दिवस, पोट फुगायला लागलं, पँटचं बटण लागेना. परत गेलो, सुई टाकली तर नळीतून पाणी यायला लागलं ते पांढरं! अक्षरशः पातळ ताक. मला भोवळ यायची बाकी होती. त्याला काइल लीक म्हणतात, आतड्यातली चरबी वाहून नेणाऱ्या लिम्फच्या नळ्या तिथूनच जातात, त्यातली एखादी गळते. रोबोटिक असो की ओपन, होऊ शकतं. उपाय काय तर जेवणातलं तेल-तूप बंद. साडेतीन आठवडे मी बिनफोडणीचं वरण, भात, फुलका, उकडलेली भाजी, सफरचंद, अंड्याचा फक्त पांढरा भाग आणि डाएटिशियनने दिलेली एमसीटी नावाची पावडर यावर काढले. कोल्हापूरचा माणूस, समोर बायको-पोरं तांबडा पांढरा ओरपतायत आणि मी बिनतुपाचा भात. पण थांबलं. त्यामुळे ताई, ऑपरेशननंतर जेवणात चरबी किती चालेल हे डिस्चार्जच्या वेळी लेखी घ्या.

पैशाचं: आयआरडीएने (विमा कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०१९ मध्येच बारा आधुनिक उपचारांची यादी काढली, त्यात रोबोटिक सर्जरी आहे, कंपनीला सरळ नाही म्हणता येत नाही, पण मर्यादा घालायची मुभा ठेवली. म्हणून तुमचा १ लाखाचा आकडा. वरचा खर्च खिशातून. माझ्या कंपनीच्या पॉलिसीत मर्यादा नव्हती, नशीब.

मिरजेची_ताई

सगळ्यांचे किती आभार मानू. डॉक्टरसाहेब, तुमचं लिहिलेलं मी भावाच्या हातात मोबाईल देऊन वाचायला लावलं. तो वाचून उठला आणि गच्चीवर गेला. तासाने खाली आला आणि म्हणाला, "ते नसांचं विचारायला पाहिजे." पाच महिन्यांत ह्या विषयावरचं पहिलं वाक्य.

पण स्पर्म साठवलं नाही त्याचं आता काय? किमो संपून सात आठवडे झालेत. आत्ता साठवता येईल का?

वर्धेची_सून

ताई मी लिहू का नको करून राहिले होते, पण तुम्ही लिहिलं तर मला पण हिंमत आली. माझ्या मिस्टरांचं २०१५ ला झालं, आमच्या लग्नाला तेव्हा आठच महिने झाले होते. त्यांची गाठ मोठी होती, ९ सेंमी, दोन्ही बाजूला पसरलेली. तेव्हा सर्जनने आधीच सांगितलं होतं की नसा वाचवायचा प्रयत्न करीन पण आधी माणूस वाचवीन. नाही वाचल्या नसा. तेव्हापासून कोरडंच आहे. बाकी संसार अगदी नीट आहे, हे मुद्दाम सांगते कारण सासूबाईंना पुष्कळ दिवस वाटत होतं की आता हा "तसा" राहिला नाही. त्यांना कसं समजवावं? शेवटी फॅमिली डॉक्टर काकांनी समजावलं.

आमचं नशीब की किमोच्या आधी नागपूरला तीन सॅम्पल साठवले होते. दरवर्षी रिन्युअलची पावती यायची, लाइट बिलाच्या फाइलमध्ये लावून ठेवायची मी. त्यातून आयसीएसआय (स्पर्म थेट स्त्रीबीजात टोचायचं टेस्ट ट्यूबचं तंत्र) करून २०१९ ला मुलगी झाली. चौथ्या वर्षीच तिला सगळे विचारतात बाबासारखी का आईसारखी, मी मनात म्हणते पावतीसारखी.

ज्यांनी साठवलं नाही त्यांचं पण सगळं संपत नाही ताई. आमच्या डॉक्टरीण बाईंनी सांगितलं होतं की वीर्य बाहेर आलं नाही तरी अंडकोषात स्पर्म बनत असतात, ते सुईने किंवा छोट्या ऑपरेशनने काढता येतात. कधी ते लघवीच्या पिशवीत गेले असतील तर लघवीतून पण मिळवतात. तुमच्या भावाचा एक तर आहेच ना, एक पुरतो. हार्मोनला पण बहुतेकांना एक पुरतो.

युरोवाला_डॉक्टर

वर्धेच्या ताईंनी बरोबर लिहिलंय. फक्त वेळेचं सांगतो. किमो संपल्यावर इतक्या लवकर सॅम्पल दिलं तर बहुतेक वेळा स्पर्म नसतात किंवा अगदी थोडे असतात, आणि असले तरी किमोने त्यांच्या जनुकांवर परिणाम झालेला असू शकतो, म्हणून निदान वर्षभर तरी मूल होऊ देऊ नका म्हणतात. तरी ऑपरेशनआधी एक तपासणी करून अँड्रॉलॉजिस्टशी (पुरुषांच्या प्रजननाचे डॉक्टर) बोलून घ्या, तोटा काही नाही. तीन सायकलनंतर बहुतेकांची निर्मिती दीड-दोन वर्षांत परत सुरू होते. म्हणजे कारखाना चालू होणार आहे, आता बाहेरचा रस्ता वाचवायचा. म्हणूनच तुमच्या केसमध्ये नर्व्ह स्पेअरिंग आणि एका बाजूचं टेम्प्लेट याला फार वजन आहे. चिरेच्या लांबीपेक्षा कितीतरी जास्त.

हुजियर_पुणेकर

मी अमेरिकेत कोलंबस, इंडियाना इथे असतो (कमिन्स या इंजिनवाल्या कंपनीमुळे इथे इतके पुणेकर आहेत की गणपतीला ढोल-ताशाचं पथक निघतं). जरा इतिहास, कारण तुमच्या भावाला मिळालेली किमो निम्मी इथली आहे. इंडियानापोलिसला डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी १९७४ मध्ये जॉन क्लीलँड नावाच्या कॉलेजच्या पोराला सिस्प्लॅटिन दिलं. बाकी सगळी औषधं थकली होती, पोरगा मरणाच्या दारात. तो वाचला आणि पुढे शाळेत शिकवायला लागला. आणि त्याच हॉस्पिटलात डॉ. जॉन डोनोह्यू यांनी हे पोटाचं ऑपरेशन घासून पुसून आजच्या रूपात आणलं, नोड नेमके कुठे सापडतात त्याचे नकाशे काढले, नसा वाचवायची पद्धत बसवली. सायकलवाला लान्स आर्मस्ट्राँग १९९६ मध्ये उपचाराला इथेच आला होता. त्याचं पुढे डोपिंगचं काय झालं ते सोडा.

माझं इथेच झालं, ओपन, किमोनंतर. आणि एक सांगतो, ओपन म्हणजे आठवडाभर हॉस्पिटल हे समीकरण पण बदललंय. मी चौथ्या दिवशी घरी होतो. काही ठिकाणी तर पोटाची पिशवी न उघडता, आतडी न हलवता बाजूने जाऊन करतात, ते लोक त्याहून लवकर घरी जातात. तेव्हा तुलना "रोबोट विरुद्ध वीस वर्षांपूर्वीचं ओपन" अशी करू नका.

आकडे बघायचेच असतील तर एकच बघा. तुमच्या भावासारखी, म्हणजे गुड रिस्कमधली (सगळ्यात कमी धोक्याच्या गटातली) नॉन-सेमिनोमाची माणसं, २०२१ च्या नव्या हिशोबात पाच वर्षांनी ९६% जिवंत. हे आईला दाखवा, जेवतील.

मिरजेची_ताई

अपडेट द्यायला तीन आठवडे लागले, माफ करा.

आई जेवली. ९६ चा आकडा मी कागदावर लिहून फ्रिजवर लावला.

पुण्याच्या रोबोटिकवाल्या सरांकडे परत गेलो. ह्यावेळी प्रश्न भावाने विचारले, कागदावर लिहून आणले होते, हात थरथरत होता पण विचारले. "सर, किमोनंतरचे हे किती केलेत?" सर दोन मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले, प्रोस्टेट विचारशील तर शेकड्याने, किडनी भरपूर, किमोच्या आधीचे आरपीएलएनडी बरे, पण किमोनंतरचे रोबोटवर चार. मग स्वतःच म्हणाले, तुझ्या जागी माझा मुलगा असता तर मी जिथे हे दर आठवड्याला होतं तिथे पाठवला असता. आणि चिठ्ठी लिहून दिली, फी घेतली नाही. खोटं कशाला बोलू, मी त्यांना मनात फार शिव्या दिल्या होत्या पैशावरून.

परळला गेलो. तिथे सगळ्या डॉक्टरांच्या मीटिंगमध्ये केस ठेवली आणि ओपन ठरलं, डाव्या बाजूचं टेम्प्लेट, नसा वाचवून. धर्मशाळेत जागा मिळाली. महात्मा फुले योजनेचं आरोग्यमित्राकडे विचारलं, कागद दिलेत. स्टोअरमधल्या काकांनी भावाला विचारलं, "कितवा नंबर?" म्हणजे कितवी किमो, तर हा म्हणाला, "माझी संपली काका, आता फक्त झाडलोट राहिलीय." मी तोंड फिरवून उभी राहिले.

ऑपरेशन मंगळवारी आहे.

गिरणगावकर

मंगळवार म्हणजे बाप्पाचा वार. मी परळच्या हाकेवर राहतो, रक्त लागलं, डबा लागला, नुसतं कुणी बसायला लागलं तरी मेसेज टाका.

मिरजेचा_भाऊ

मी तोच भाऊ. नवीन अकाऊंट काढलंय. ऑपरेशन होऊन एक महिना झाला.

साडेचार तास लागले. २८ नोड काढले. मोठ्या गाठीत टेराटोमा, बाजूच्या एका छोट्या नोडमध्ये पण टेराटोमा, जो सीटीत दिसत पण नव्हता. जिवंत कॅन्सर नाही. पुढे किमो नाही, फक्त तपासण्या. गिरणगावकर दादा दोनदा डबा घेऊन आले, त्यांना मी आयुष्यभर विसरणार नाही. स्टेपल माझे ३१, दादा तीनने जिंकले.

ताईने पहिल्या दिवशी जो शेवटचा प्रश्न विचारला होता त्याचं उत्तर, हो, सगळं चालू आहे. याच्यापेक्षा जास्त डिटेल मी इथे देणार नाही कारण ताई वाचते.

ज्यांना गाठ लागतेय आणि गप्प आहेत त्यांना एवढंच, मी पाच महिने गप्प बसलो तेव्हा ती चार सेंमी पुढे गेली. दुखत नव्हती म्हणून गप्प बसलो. ती दुखत नसतेच सुरुवातीला.

आता एक अर्जंट प्रश्न. डिस्चार्जच्या कागदावर चरबी कमी, चार आठवडे, असं लिहिलंय. चार आठवडे काल संपले. आई डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन समोर बसलीय, साजूक तुपातले. खाऊ का?

कोरमंगला_कोल्हापुरी

पोट फुगत नाहीये ना? वजन एकदम वाढलं नाही ना? मग आज अर्धा खा, उद्या सर्जनच्या ओपीडीला फोन करून विचार, आणि उरलेला अर्धा मला कुरियर कर.